विश्लेषण : मेटल डिटेक्टर वाजला नाही, म्हणजे सारे काही ठीक? चार्जेबल बॅटरीची निगा का महत्त्वाची?

गणेशोत्सवाचा मंडप, मॉलचे प्रवेशद्वार, देवस्थानाची दर्शनरांग किंवा रेल्वे स्थानक. सुरक्षारक्षकाच्या हातातला दांड्यासारखा मेटल डिटेक्टर आता सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. तो अंगावरून फिरतो, आवाज आला नाही की पुढे जाण्याची खूण होते. मात्र यंत्र न वाजण्याची कारणे दोन असू शकतात. एक तर जवळ धातू नाही किंवा यंत्राच्या बॅटरीत दम नाही. रांगेतल्या माणसाला या दोन्हींतला फरक कळत नाही आणि घाईत रक्षकालाही तो कळेलच असे नाही. म्हणूनच बॅटरीची निगा हा केवळ खर्च वाचवण्याचा नव्हे, तर सुरक्षेचा प्रश्न आहे.

डिटेक्टर काम कसे करतो?

डिटेक्टरच्या पट्टीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सतत दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडला जातो आणि त्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. या क्षेत्रात धातू आला की त्या धातूत छोटे प्रवाह फिरू लागतात. त्यांचा उलट परिणाम वेटोळ्यावर होतो आणि तो टिपून यंत्र आवाज करते किंवा थरथरते.

म्हणजेच यंत्र वाजत नसले तरी चालू असेपर्यंत ते वीज खातच असते. जुन्या, साध्या रचनेच्या यंत्रांत बॅटरी उतरू लागली की संवेदनक्षमताही घटू शकते. मोठी वस्तू सापडते, पण लहान पाते निसटते. नव्या यंत्रांत व्होल्टेज स्थिर ठेवणारे सर्किट असल्याने ती शेवटपर्यंत नीट चालतात, पण नंतर अचानक बंद पडतात. त्याआधी लागणाऱ्या ‘लो बॅटरी’च्या लाल दिव्याकडे काणाडोळा केला जातो, तिथे खरी अडचण सुरू होते.

आत कोणती बॅटरी आहे, हे का पाहायचे?

हातातल्या अनेक डिटेक्टरमध्ये ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. साध्या अल्कलाइन बॅटरीत दीड व्होल्टचे ६ सेल असतात. तशाच दिसणाऱ्या निकेल मेटल हायड्राइड या चार्जेबल बॅटरीत बहुतेक वेळा १.२ व्होल्टचे ७ सेल असतात, म्हणजे एकूण ८.४ व्होल्ट. काहींत ६ सेल, म्हणजे ७.२ व्होल्टच असतात. त्यामुळे चार्जेबल बॅटरी घातल्यावर यंत्राचा लाल दिवा लवकर लागू शकतो. ती खराबच आहे, असा त्याचा अर्थ नाही.

क्षमतेतही फरक आहे. अल्कलाइनची क्षमता साधारण ५०० एमएएच असते, तर निकेल मेटल हायड्राइडची बहुधा १५० ते २५० एमएएच. एका चार्जवर ती कमी वेळ चालते. पाळी लांब असेल तर चार्ज केलेला दुसरा पॅक हाताशी हवाच.

‘पूर्ण उतरवूनच चार्ज करा’ हा सल्ला खरा की खोटा?

हा सल्ला जुन्या निकेल कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे. त्या वारंवार अर्धवट वापरून चार्ज केल्या की त्यांची उपयोगी क्षमता कमी झाल्यासारखी होई. त्यालाच ‘मेमरी इफेक्ट’ म्हणतात. निकेल मेटल हायड्राइडमध्ये हा परिणाम फारच कमी असतो आणि लिथियम आयनमध्ये तो व्यवहारात विचारात घ्यावा इतका नसतो.

उलट पॅक अगदी कोरडा करणे घातक ठरते. ७ सेल एकापुढे एक जोडलेले असतात, पण सगळे सारख्या ताकदीचे नसतात. सर्वांत दुबळा सेल आधी रिकामा होतो. यंत्र चालूच राहिले, तर बाकीचे सेल त्याच्यातून उलटा प्रवाह ढकलतात आणि तो कायमचा खराब होतो. लाल दिवा लागला की पॅक बदलावा, हा साधा नियम पुरेसा आहे.

वर्षभर कपाटात ठेवलेल्या पॅकचे काय?

उत्सवापुरती बाहेर निघणारी यंत्रे इथेच दगा देतात. जुन्या पद्धतीच्या निकेल मेटल हायड्राइड बॅटरी न वापरताही महिन्याला २० ते ३० टक्के उतरू शकतात. २००५ पासून बाजारात आलेल्या ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ प्रकारात हे प्रमाण पुष्कळ कमी आहे. तरीही गेल्या वर्षी चार्ज केलेली बॅटरी यंदा थेट वापरू नये.

लिथियम पॅक ठेवताना तो साधारण अर्धा चार्ज असावा. पूर्ण चार्ज आणि उष्णता एकत्र आली की तो लवकर म्हातारा होतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीत किंवा पत्र्याच्या चौकीत पॅक ठेवू नये. तापलेला पॅक आधी गार होऊ द्यावा, मगच चार्जरला लावावा. फुगलेला पॅक मात्र पुन्हा वापरू नये, दाबू नये आणि टोचूही नये.

कमानीसारख्या मोठ्या डिटेक्टरला वीज गेल्यावर आधार देणारी बॅटरी अनेकदा लेड ॲसिड प्रकारची असते. तिचे नेमके उलट आहे. ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर आत सल्फेट साचून निकामी होते. ती भरलेलीच ठेवावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चार्ज करावी.

सर्वांत धोकादायक चुका कोणत्या?

पहिली चूक म्हणजे साधी बॅटरी चार्ज करणे. काही डिटेक्टरना थेट चार्जिंगची पिन लावता येते. आत चार्जेबल पॅक संपला म्हणून कोणीतरी अल्कलाइन बॅटरी घालते आणि रात्री दुसरा कोणी सवयीने पिन लावतो. अशी बॅटरी गळू शकते, फुटूही शकते.

दुसरी चूक खिशातली. ९ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोके एकाच बाजूला असतात. ती किल्ल्या किंवा नाण्यांसोबत खिशात टाकली, तर शॉर्टसर्किट होऊन चटका बसू शकतो, आगही लागू शकते. टोकांवर चिकटपट्टी लावणे हा त्यावरचा स्वस्त उपाय.

रोज काय तपासावे?

पाळी सुरू होताना एकच ठरलेली वस्तू, समजा एखादी किल्ली, रोज सारख्याच अंतरावर धरून यंत्र तपासावे. काल जिथून वाजले तिथून आज वाजत नसेल, तर आधी पॅक बदलावा. तरीही फरक पडला नाही, तर यंत्र दुरुस्तीला द्यावे. प्रत्येक पॅकवर क्रमांक आणि खरेदीची तारीख लिहावी. रांग नसताना यंत्र बंद ठेवावे. हंगाम संपला की बॅटरी बाहेर काढून ठेवावी. अल्कलाइन गळून पत्तीवर पांढरा थर साचला असेल, तर हातमोजे घालून कापसावर थोडे व्हिनेगर घेऊन पुसावे आणि पत्ती पूर्ण कोरडी करावी.

जुनी बॅटरी कुठे टाकायची?

कचऱ्याच्या डब्यात नाही. कॅडमियम आणि शिसे विषारी आहेत, तर लिथियम पॅक कचऱ्याच्या गाडीत दबला की पेट घेऊ शकतो. केंद्राच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार सर्व प्रकारच्या बॅटरी गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. टोकांवर चिकटपट्टी लावून जुने पॅक विक्रेत्याकडे किंवा अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावेत.

जबाबदारी कोणाची?

दारावर उभा असलेला रक्षक बहुतेक वेळा कंत्राटी असतो. काही निसटले तर बोट त्याच्याकडे दाखवले जाते, पण दोन जादा पॅक आणि बरा चार्जर विकत घेण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. यंत्रावर काही हजार रुपये खर्च करणाऱ्या मंडळाने, सोसायटीने किंवा एजन्सीने बॅटरीसाठीही दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढली, तरच यंत्राच्या गप्प राहण्यावर विश्वास ठेवता येईल.