बैल मारणारें झुडुप

झाडाचें नांवच 'बैल मारणारें' असलें, तर तें बांधावर ठेवावयास कोणता शेतकरी धजेल? कॅरिबियन समुद्रांतील पोर्तो रिको बेटावर अशा नांवाचें एक झुडुप आहे. तेथील स्पॅनिश भाषेंत त्यास 'माताब्वेय' म्हणतात. 'माता' म्हणजे मारतो व 'ब्वेय' म्हणजे बैल. शास्त्रीय नांव मात्र गेट्झिया एलेगन्स. एलेगन्स म्हणजे देखणी! शास्त्रज्ञानें फूल पाहिलें व गुराख्यानें फळ पाहिलें, असें आम्हांस वाटतें.

1830 सालीं विडलर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानें हिचें वर्णन प्रसिद्ध केलें. या प्रजातींत दोनच जाती. दुसरी शेजारच्या हिस्पान्योला बेटावर सांपडते. पानें चकचकीत, फूल नारिंगी-पिवळें व नरसाळ्यासारखें, फळ नारिंगी. पूर्वीं हिचें निराळें कूळ मानीत. आतां ती वांग्याच्या कुळांत धरितात. म्हणजे मिरची, तंबाखू व बटाटा हे हिचे भाऊबंद, आणि धोतराही! तेव्हां फळ विषारी समजलें जातें यांत नवल नाहीं.

बेटाच्या उत्तरेस चुनखडीच्या टेकड्या आहेत. तेथील इसाबेला व केब्रादियास या गांवांच्या बाजूस हीं झुडुपें थोडथोडीं उरलीं आहेत. ऊंस, तंबाखू, कॉफी व कुरणें यांच्यासाठीं इतकी तोड झाली कीं, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बेटाच्या दशांशाहूनही कमी भूमीवर जंगल राहिलें. पुढें शेती मागें हटली व जंगल पुष्कळसें परत आलें. परंतु जेथें बीं देणारें झाडच उरलें नाहीं, तेथें तें आपोआप कोठून उगवणार?

1985 सालीं अमेरिकन सरकारनें या झुडुपाची धोक्यांतील वनस्पतींत गणना केली. येथें एक मेख आहे. हा कायदा वन्य प्राण्यांस जेवढें संरक्षण देतो, तेवढें खासगी जमिनींतील झाडांस देत नाहीं. त्यामुळें अशा ठिकाणीं पुष्कळसें मालकाच्या मर्जीवर राहतें, आणि ज्याचा बैल मोलाचा त्याच्या हातीं कुऱ्हाड असते. आम्हीही शेतकरी आहों. त्याची भीति आम्ही हंसण्यावारी नेणार नाहीं. पण आपण विषारी कण्हेर अंगणांत लावितों व गुरें तिच्यापासून दूर बांधितों. तेथेंही झुडुपाभोंवतीं चार खांब व तार घालणें तोडण्याहून फारसें महाग पडूं नये.