मासिक पाळीची साधने आणि ‘अंग बाहेर येण्याचा’ विकार

गर्भाशय, मूत्राशय व गुदाशय यांना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू खालून आधार देतात. अवघड बाळंतपणे, जड ओझी, जुनाट खोकला व बद्धकोष्ठ यांमुळे हा आधार सैल पडला की अवयव योनिमार्गात उतरतात. यालाच आपल्याकडे ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. हा केवळ उतारवयातील विकार नव्हे. पाळी सुरू असलेल्या स्त्रियांनाही तो होतो.

सोलापुरात असंख्य स्त्रिया तासन्‌तास जमिनीवर बसून विड्या वळतात. अंग उतरलेल्या स्त्रीला पाळीच्या दिवसांत जडपणा अधिक जाणवतो. मग अंग आत राहावे म्हणून कापडाची जाड घडी घट्ट बांधली जाते. तिने आधार मिळत नाही; उलट बाहेर आलेला नाजूक भाग घासला जाऊन तेथे जखम होऊ शकते. म्हणून साधन निवडताना घर्षण टाळणे, हे आम्ही पहिले सूत्र मानतो.

बहुतेकींसाठी मऊ पृष्ठभागाचा, सुगंधविरहित पॅड सोयीचा ठरतो. तो चार ते सहा तासांनी बदलावा. जनऔषधी केंद्रांत २०१९ पासून एक रुपयास एक पॅड मिळतो. कापड वापरायचे असल्यास जुने, मऊ सुती घ्यावे. साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे. टॉवेलचे खरखरीत तुकडे वापरू नयेत. आतील वस्त्र सुती असावे, काचणारे नसावे. लघवीही गळत असल्यास त्यासाठीचा वेगळा पॅड घ्यावा. पाळीच्या पॅडमध्ये ओल टिकून त्वचा सोलवटते.

टॅम्पॉन सैल योनिमार्गातून घसरू शकतो. कप आत घट्ट चिकटून बसतो. तो तसाच ओढून काढल्यास अवयवांवरही ताण पडतो. तळ बोटांनी दाबून पकड सोडवावी, मगच कप काढावा. अंग उतरलेल्या स्त्रीने वैद्यकीय तपासणीशिवाय कप सुरू करू नये. आधारासाठी योनीत रिंग बसवलेली असल्यास पॅड वापरणेच श्रेयस्कर.

कोणतेही साधन हा विकार बरा करीत नाही. सौम्य अवस्थेत तळाच्या स्नायूंचे नियमित व्यायाम व रिंग यांचा उपयोग होतो. शस्त्रक्रिया लागली, तरी गर्भाशय काढावेच लागते असे नाही. गोव्यात जन्मलेले डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी गर्भाशय राखून त्याला पट्टीचा आधार देणारी शस्त्रक्रिया विसाव्या शतकातच विकसित केली. पाळीव्यतिरिक्त किंवा पाळी गेल्यानंतर रक्त दिसणे, दुर्गंधीयुक्त स्राव, लघवी अडणे, बाहेर आलेले अंग आत न जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास विनाविलंब तपासणी करावी.

डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. मात्र पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. दुखणे होते, ते सांगण्याची सोय नव्हती. कुटुंबीयांना आमची विनंती आहे की, घरातील स्त्री बसताना-उठताना अवघडत असेल, तर तिची विचारपूस करावी व तिला सोबत घेऊन यावे. विश्वस्तांचे व देणगीदारांचे पाठबळ आम्हांस मोलाचे वाटते ते याचसाठी : पडद्याआड, स्त्री डॉक्टरांसमोर, घाई न करता तिला बोलता यावे.