गाभडलेली गाय आणि गोठ्याची परीक्षा

पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील लहान शेतकऱ्याच्या दारी एकदोनच दुभती जनावरे असली आणि त्यांतील सहा-सात महिन्यांची गाभण गाय अकस्मात गाभडली, तर वासरू जाते आणि त्या वेताच्या दुधालाही मुकावे लागते. दोष दिला जातो तो घसरलेल्या पायाला किंवा दृष्टीला. पुढल्या वेळी गाय बहुधा दिवस भरून विते आणि झाले गेले विसरले जाते. परंतु गाभडण्याच्या मुळाशी ब्रुसेलोसिस, म्हणजेच सांसर्गिक गर्भपाताचा रोग असेल, तर तो गेलेला नसतो.

या रोगाचे जंतू कासेत आणि ग्रंथींत वर्षानुवर्षे दडून राहतात. गाय धडधाकट दिसते. मात्र वार, विण्याच्या वेळचा स्राव आणि दूध यांतून जंतू बाहेर पडतात. त्यांपासून शेजारची जनावरे बाधतात आणि माणसालाही चढउताराचा ताप व सांधेदुखी जडते. माल्टा बेटावर १८८७ साली डेव्हिड ब्रूस यांनी या तापाचे जंतू शोधले. पण तो शेळीच्या दुधातून येतो हे कळले १९०५ साली, थेमिस्टोक्लीस झमित यांनी निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांचे रक्त तपासले तेव्हा.

आजही परीक्षेवाचून निदान नाही. दुधात रंगविलेले मृत जंतू मिसळले असता सायीच्या थरात निळे कडे उमटले, तर रोगाचा संशय धरतात. संस्थेत जमा झालेल्या दुधावरही ही परीक्षा करता येते. मग एकेका जनावराच्या रक्तजलात गुलाबी द्राव मिसळून पाहतात. चार मिनिटांत कण धरले, तर एलायझा परीक्षेने खात्री करून घेतात. मेंढ्या-शेळ्यांच्या बाबतीत दुधाची परीक्षा भरवशाची नसल्यामुळे रक्तच तपासावे लागते. नुकतीच बाधा झालेले जनावर एका परीक्षेत निसटू शकते. म्हणून तपासणी पुनःपुन्हा करणे अगत्याचे असते.

राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात २०१९ पासून चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना आयुष्यात एकदाच लस टोचण्याची योजना आहे. मोठेपणी टोचल्यास पुढील रक्तपरीक्षेत लस कोणती आणि रोग कोणता, हे ओळखणे कठीण होते. कानातील बिल्ल्याच्या बारा आकड्यांवर लशीची नोंद राहते, ती याचसाठी.

गोव्यात १९७८ च्या कायद्याने गोहत्येस बंदी आहे. तेव्हा बाधित गाय मारण्याची परदेशी रीत येथे सरसकट लागू पडत नाही. ती वेगळी बांधावी, दूध उकळूनच वापरावे, वार उघड्या हाताने न उचलता चुन्यासह खोल पुरावी. आणि मुख्य म्हणजे, नुकसान भरून काढण्यासाठी ती गाय दोडामार्गाकडे वा म्हापशाकडे गुपचूप विकू नये. शेतकऱ्याला हा मोह पडणे स्वाभाविक आहे. परंतु तो विकतो ती केवळ गाय नसते. तिच्याबरोबर रोगही दुसऱ्या गरिबाच्या गोठ्यात जातो.