म्हाताऱ्या मांजराचा नव्या घरात प्रवेश
गावाकडचे घर बंद करून नोएडा वा गुरुग्रामला मुलांकडे राहावयास येणाऱ्या वडीलधाऱ्यांसोबत कधी कधी त्यांचे म्हातारे मांजरही येते. घरात आधीची मांजरे असल्यास त्यास एकदम त्यांच्यात सोडू नये. विकत आणलेली गाय थेट गोठ्यात बांधू नये, हाच नियम येथेही लागू पडतो. किमान दोन आठवडे त्यास वेगळी खोली, पाणी व वाळूचे घमेले द्यावे. सांधे आखडलेले असतात, म्हणून घमेल्याची कड बुटकी असावी. याच काळात लसीकरण व रक्ततपासणी उरकावी. वृद्ध मांजरांत मूत्रपिंडाचा विकार वरचेवर आढळतो आणि मांजर दुखणे लपविते. पाण्यापर्यंत जाण्यास दुसऱ्या मांजराचा पहारा ओलांडावा लागला, तर दिल्लीच्या उन्हाळ्यात ते तहानलेलेच राहते.

मांजरे एकमेकांस मुख्यतः वासाने ओळखतात. म्हणून प्रथम अंथरुणांची अदलाबदल करावी, मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंस अन्न ठेवावे. समोरासमोर भेट सर्वांत शेवटी. थोडे फिसकारणे चालेल. मात्र म्हाताऱ्याने अन्न सोडल्यास एका दिवसाहून अधिक वाट न पाहता पशुवैद्यकास दाखवावे. नोएडात प्राधिकरणाच्या २०२२ च्या धोरणाने मांजरांचीही नोंदणी सक्तीची केली आहे. तेही काम याच फेरीत उरकता येते का, ते पाहावे.