खर्रा कोणत्या रकान्यात?

जानेवारी २०२१. गडचिरोली जिल्ह्यात ग्रामपंचायतींचं मतदान १५ आणि २० तारखेला, दोन टप्प्यांत उरकलं होतं. निकालानंतर एका तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यात हरलेली एक उमेदवार भेटली. हातात दोनशे पानी वही, तीही पोराची, मागून उघडलेली. पेट्रोल, चहा, झेरॉक्स, एक बॅनर. बेरीज चार हजारांच्या आत. "आनि खर्रा कोन्त्या रकान्यात लिवाचा जी?" तिनं खिडकीतल्या बाबूंना विचारलं. मान वर न करता ते म्हणाले, "चहा-नाश्त्यात टाका."

प्रश्न भाबडा नव्हता. या भागात खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, दिल्याशिवाय गावकीची गोष्टच सुरू होत नाही. पण निवडणूक खर्चाच्या दरपत्रकात खुर्ची असते, मंडप असतो, भोंगा असतो, खर्रा नसतो. मोहाची दारू आणि बोकड तर नसतातच.

२०१७ साली राज्य निवडणूक आयोगानं सात आणि नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्यासाठी २५ हजार आणि थेट सरपंचासाठी ५० हजार रुपयांची मर्यादा घातली. हिशेब निकालानंतर तीस दिवसांत द्यायचा. न दिल्यास ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४-ब खाली पाच वर्षांपर्यंत अपात्रता. शिवाय निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं, आणि रोजचा खर्च 'ट्रू व्होटर' अ‍ॅपवर. भामरागड किंवा एटापल्लीच्या आतल्या गावात, जिथं मोबाईलला रेंज धरायला टेकडीवर चढावं लागतं, तिथं हे कसं जमवायचं ते ज्याचं त्यानं पाहावं. माझा अनुभव असा की खरोखर खर्च करणाऱ्याचे कागद चोख असतात, त्याच्याकडे हिशेबाला माणूस असतो. अडकतो तो चार हजारवाला.

म्हणून इथल्या निवडणूक खर्चाच्या सुधारणेचा माग काढायचा तर आयोगाच्या आदेशांपेक्षा दारूचा काढावा लागतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात 'श्रमिक एल्गार' संघटनेच्या बायकांनी २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूर विधानभवनापर्यंत पायी मोर्चा नेला, बंदी यायला १ एप्रिल २०१५ उजाडला, आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं ती उठवली. बंदी असो वा नसो, मतदानाच्या आदल्या रात्री गावात काय फिरतं हे बायकांना ठाऊक होतं, कारण ते सकाळी त्यांच्याच अंगणात आडवं पडलेलं असे. गडचिरोलीत २०१६ पासून दारू-तंबाखूविरोधात काम करणाऱ्या 'मुक्तिपथ' अभियानानं पुढच्या निवडणुकांत 'दारूमुक्त निवडणूक' असा नारा दिला: उमेदवारांनी दारू वाटणार नाही असं लिहून द्यायचं, गावांनी पाजणाऱ्याला मत नाही असा ठराव घ्यायचा. रात्री कुठे कुठे बायका वेशीवर बसल्या. हे सगळीकडे पाळलं गेलं असं मी म्हणणार नाही. पण किती खर्च केला याऐवजी कशावर केला, हा प्रश्न गावानं पहिल्यांदा विचारला. आयोगाला तो आजवर सुचलेला नाही.

धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावानं तर त्याआधीच वेगळी वाट धरली होती. देवाजी तोफांच्या या गावात ग्रामसभेचे निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं होतात. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवानाही ग्रामसभेच्या हाती आला. इथं चार मतं विकत घेऊन करणार काय? पाचवा माणूस बैठक अडवून बसेल. उलट नाशिकच्या उमराण्यात सरपंचपदाची बोली दोन कोटींवर गेली आणि त्याच २०२१ च्या जानेवारीत आयोगाला ती निवडणूकच रद्द करावी लागली. तीही म्हणे गावाची 'सहमती'च होती.

जिल्हा परिषदेची तऱ्हा निराळी. २०१७ मध्ये गडचिरोलीच्या ५१ आणि चंद्रपूरच्या ५६ गटांसाठी मर्यादा प्रत्येकी चार लाख होती; २०२५ मध्ये ती सहा लाखांवर नेली. त्याआधी या परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आरक्षणाच्या वादात निवडणुका लांबल्या, प्रशासक बसले. खर्चाबद्दल बोलणं चाललं ते मर्यादेच्या आकड्यावर. पण उमेदवाराचा हिशेब सुरू होतो अर्ज भरल्यावर, आणि खर्च तर त्याच्या कितीतरी आधीपासून चाललेला.

तो कसा, ते नाटकांत दिसतं. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात, नाटकांचा हंगाम लागतो. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या रात्ररात्र गावं जागवतात. मंडळाला वर्गणी लागते, वर्गणी देणाऱ्याचं नाव पत्रकात छापावं लागतं. प्रशासकाच्या काळातलं एक पत्रक मी जपून ठेवलंय. उद्घाटक, सहउद्घाटक, दीपप्रज्वलक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी मिळून तेवीस नावं, त्यातली सहा 'भावी'. नाटकाचं नाव तळाशी, तंबाखूच्या डागाखाली गेलंय.