चिमटा पुसला का?

करावे गावातल्या एका ताईंनी परवा विचारलं, "डॉक्टर, गाठीचा तुकडा तपासायला दिलाय. रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, मग याला चार-पाच दिवस कशाला?"

तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरावा लागतो. मग त्यातलं पाणी अल्कोहोलने काढून त्यात मेण भरतात. मेणाच्या ठोकळ्याचे मायक्रोटोमवर केसाहून कितीतरी पातळ, 3-4 मायक्रॉनचे काप घेतात. ते कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलतात आणि रंगवतात. या वाटेवरचा चिमटा, साचे, पाण्याचं भांडं, रंगाच्या बरण्या सगळ्या रुग्णांसाठी त्याच असतात. धोका तिथेच आहे. एकाच्या तुकड्यातला कण दुसऱ्याच्या काचेवर गेला, तर निरोगी माणसाला कर्करोग असल्याचं दिसू शकतं. अशा कणाला आम्ही 'फ्लोटर' म्हणतो.

काही वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या अस्तराच्या एका नमुन्यात, अगदी कडेला, मला कर्करोगाच्या पेशींचा लहानसा पुंजका दिसला. बाकी सगळं निर्दोष होतं. सूक्ष्मदर्शकाखाली तो पुंजका वेगळ्याच पातळीवर दिसत होता. त्याच ठोकळ्याचे आणखी खोल काप घेतले. तिथे काही नव्हतं. मग आधीच्या रुग्णाची काच काढली. पेशी हुबेहूब त्याच! त्यांचा कण पाण्यावर राहून गेला होता. रिपोर्ट तसाच गेला असता, तर त्या बाईंचं गर्भाशय विनाकारण काढलं गेलं असतं.

उपाय साधे आहेत. प्रत्येक नमुन्यानंतर चिमटा, सुरी आणि फळी धुऊन पुसायची. प्रत्येक ठोकळ्यानंतर पाण्यावरून टिश्यू पेपर फिरवायचा, संध्याकाळी भांडं रिकामं करून कोरडं करायचं. रंग गाळून घ्यायचे. मायक्रोटोमचं पातं आधी काढायचं, मग मेणाचा चुरा कोरड्या ब्रशने झाडून तेलाचा हात द्यायचा. पाणी लावायचं नाही. आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत गंज चढायला वेळ लागत नाही. नमुन्यांचा ढीग साचला की नेमकी हीच कामं राहून जातात. म्हणून ती करणाऱ्या तंत्रज्ञाला घाई करू नये.

रुग्णांनीही एक लक्षात ठेवावं. रिपोर्ट आणि लक्षणं जुळत नसतील, तर मोठ्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांशी बोलून काचा आणि मेणाचा ठोकळा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवावा. ठोकळा वर्षानुवर्षं टिकतो, त्यातून नवे काप घेता येतात. शंका उरलीच, तर तो कण कोणाचा हे डीएनए तपासणीतूनही कळू शकतं.