ओढणे वेगळे, झेपणे वेगळे

अमेरिकेतला कॅम्पिंग ट्रेलर म्हणजे चाकांवरचे छोटे घर. त्यात बिछाने, गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणीघर आणि पाण्याची टाकी असते. नसते ते फक्त इंजिन. ते काम पुढच्या पिकअप ट्रकचे. ट्रेलर मोठा आणि ट्रक वीस-तीस वर्षांचा, बेताच्या ताकदीचा असला की एक वाक्य हमखास ऐकू येते: "जोडून पाहिला, आरामात ओढतो. झेपतोय." या वाक्याचा पहिला भाग बहुधा खरा असतो. दुसरा त्यातून निघत नाही, आणि नेमका तोच माणसांच्या जिवावर बेततो.

सपाट रस्त्यावर जड वस्तू हलवायला फारसे बळ लागत नाही. चाकांवरचा तीन टनी ट्रेलर शंभर-दीडशे अश्वशक्तीचे कोणतेही इंजिन हलवेल. त्यामुळे घरापुढच्या गल्लीत मारलेली फेरी ही ट्रेलर हलतो एवढाच पुरावा देते. ट्रकला झेपते किती, हे पाच-सहा वेगवेगळ्या भागांवर ठरते: मागचा आस, स्प्रिंगा, टायर, ब्रेक, गियरबॉक्स आणि इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर. यांतल्या सर्वांत दुबळ्या भागाची मर्यादा हीच ट्रकची मर्यादा. इंजिनाचीही मर्यादा असते, पण जीवघेणे अपघात क्वचितच त्याच्यामुळे होतात.

आकडे मांडले की हे चटकन दिसते. चालकाच्या बाजूचे दार उघडले की चौकटीवर एक स्टिकर दिसते. ट्रक, त्यातली माणसे, सामान आणि ट्रेलरचा ट्रकवर पडणारा भार मिळून कमाल किती वजन चालेल, तो आकडा त्यावर असतो. समजा, नव्वदच्या दशकातल्या एखाद्या अर्ध-टनी पिकअपवर तो ६,२५० पौंड आहे आणि टाकी भरलेला रिकामा ट्रक ४,७५० पौंड भरतो. उरले १,५०० पौंड. ट्रेलर कागदावर ५,४०० पौंडांचा, पण ते कोरडे वजन: त्यात पाणी नाही, भांडी नाहीत, अंथरुणे नाहीत. एका लिटर पाण्याचे एक किलो, म्हणजे दीडशे लिटरची टाकी भरली की तिथेच ३३० पौंड वाढले. भरलेले दोन गॅस सिलिंडर, बॅटरी, किराणा आणि घडीच्या खुर्च्या धरून ट्रेलर सहज ६,५०० पौंडांवर जातो. त्याचा १० ते १५ टक्के भार ट्रेलर जोडायच्या हिचच्या बॉलवर, म्हणजे थेट ट्रकवर यावा लागतो. १३ टक्के धरले तर ८४५ पौंड. हिच १०० पौंड, दोन मोठी माणसे आणि दोन मुले ५०० पौंड. बेरीज १,४४५. शिल्लक ५५ पौंड. त्यात बर्फाची पेटी, सरपण आणि जनरेटर बसवायचा आहे. इंजिनाचा विषय अजून निघालेलासुद्धा नाही.

म्हणूनच "कोरडे वजन मर्यादेत आहे" हा युक्तिवाद निरर्थक आहे. कोरडा ट्रेलर घेऊन कोणीही सुट्टीला जात नाही. संशय असेल त्याने मोठ्या ट्रक-थांब्यावरच्या वजनकाट्यावर, सर्व सामान आणि माणसांसह, जोडी उभी करावी. पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरची चाके यांची वजने वेगवेगळी छापून मिळतात, आणि तिथे वादाला जागा उरत नाही.

आता इंजिन. फोर्डच्या एफ-१५० मध्ये १९९६ पर्यंत मिळणारे ४.९ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन टिकाऊपणासाठी नावाजलेले आहे. शेवटच्या काळात त्याची ताकद सुमारे १५० अश्वशक्ती होती. वरच्या उदाहरणातली जोडी मिळून साधारण ५,४०० किलो. सहा टक्के चढावर ती ताशी ८० किलोमीटरने न्यायची तर चाकांपाशीच जवळपास १५० अश्वशक्ती हवी, आणि वाटेत गियरबॉक्स व आस आपला वाटा कापून घेतात. शिवाय उंचीवर हवा विरळ होते. टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्के ताकद गमावते. कोलोरॅडोत आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर, म्हणजे ३,४०० मीटरवर आहे. तिथे पोचेपर्यंत एक तृतीयांश ताकद गेलेली असते. त्या चढावर असा ट्रक ताशी पन्नास-पंचावन्नच्या पुढे जाणार नाही.

हा कमकुवतपणा त्रासदायक आहे, पण त्याच्याशी जुळवून घेता येते. उजवी लेन धरावी, धोक्याचे दिवे लावावेत, ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सर्वांत वरचा गियर, बंद ठेवावा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवावी. ओव्हरड्राइव्ह चालू राहिला तर जुना स्वयंचलित गियरबॉक्स दोन गियरांमध्ये सतत वरखाली करतो आणि त्यातले तेल तापते. हे तेल मुळात लालसर असते. तेल तपासायच्या गजावर ते तपकिरी दिसले आणि जळका वास आला, तर त्याचे काम संपले म्हणायचे.

खरी परीक्षा बोगद्याच्या पलीकडे असते. तिथून सिल्व्हरथॉर्नपर्यंत रस्ता सुमारे सातशे मीटर खाली उतरतो. तेवढ्या उतारात ५,४०० किलो वजन जी ऊर्जा सोडते, तिच्यातला मोठा वाटा हवा आणि टायर घेतात. तरी उरलेली ऊर्जा पन्नासएक लिटर थंड पाणी उकळायला पुरेल. ती इंजिनाने रोखली नाही तर सगळी ब्रेकमध्ये जाते. डॉट-३ प्रतीच्या ब्रेक-तेलाचा उत्कलनबिंदू ते ताजे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. हवेतला ओलावा शोषलेल्या तेलासाठी तीच किमान मर्यादा १४० अंश आहे. वर्षानुवर्षे तेल न बदललेल्या जुन्या ट्रकमध्ये हा फरक निर्णायक ठरतो. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय पेडलसकट तळाला टेकतो. याच उतारावर सुटलेल्या ट्रकांसाठी खडीचे चढते मार्ग बांधलेले आहेत, ते उगाच नव्हे.

उपाय बोरघाट उतरणाऱ्या कोणत्याही जुन्याजाणत्या चालकाला ठाऊक आहे: ज्या गियरमध्ये चढायचे, त्याच गियरमध्ये उतरायचे. न्यूट्रल टाकून इंधन वाचवण्याचा समज इथे आणि तिथे सारखाच घातक आहे. इंधन-इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत, गियर टाकून उतरताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन जवळपास बंदच होते. म्हणजे वाचत काहीच नाही, जातो तो ताबा.

"कंपनीनेच इतके पौंड सांगितले आहेत" हेही जपूनच घ्यावे. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे-२८०७ ही समान चाचणी २००८ साली प्रसिद्ध केली. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडा ठरवत असे. या चाचणीत अ‍ॅरिझोनातला डेव्हिस डॅमचा सुमारे ११ मैलांचा चढ ३८ अंश उष्म्यात, एसी पूर्ण चालू ठेवून, एकेरी मागच्या चाकांच्या पिकअपने ताशी ४० मैलांच्या खाली न येता चढावा लागतो. टोयोटाने ती २०११ च्या गाड्यांसाठी सर्वांआधी स्वीकारली आणि टंड्राचे आकडे खाली आणले. १९९५ च्या माहितीपुस्तकातला आकडा या कसोटीतून गेलेलाच नाही. शिवाय तो आसातल्या गियरच्या गुणोत्तरावर बदलतो: ३.०८ आणि ३.५५ या दोन आसांच्या, बाकी हुबेहूब सारख्या ट्रकांची मर्यादा एक नसते.

स्प्रिंगांच्या जोडीला हवेच्या पिशव्या बसवल्या की मर्यादा वाढते, हा समज चिवट आहे आणि चूक आहे. पिशव्यांनी दबलेले शेपूट वर येते. आस, टायर आणि ब्रेक होते तेच राहतात. भार वाटणारा हिच पुढच्या चाकांवरचे हरवलेले वजन परत आणतो, त्याने सुकाणू जड होते आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवरून रस्त्यावर येतो. तो जरूर वापरावा, पण स्टिकरवरचा आकडा त्यानेही बदलत नाही.

ट्रकवरचा भार कमी करण्यासाठी ट्रेलरमधले सामान मागे सरकवणे ही तर धोकादायक चूक आहे. बैलगाडी मागे जड झाली की उलाळ होते, जू वर उचलले जाते. ट्रेलरचेही तेच होते. बॉलवरचा भार दहा टक्क्यांच्या खाली गेला की वेगात ट्रेलर डोलू लागतो आणि प्रत्येक झोक्यागणिक डोलणे वाढत जाते. अशा वेळी वेग वाढवू नये, ट्रकचा ब्रेक दाबू नये. अ‍ॅक्सिलरेटर सोडून डॅशबोर्डाखालच्या ट्रेलर-ब्रेक नियंत्रकाची कळ हाताने सरकवावी आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत.

ट्रकचे ब्रेक चांगले असले म्हणजे ट्रेलरला ब्रेक नकोत, असे कायदाही मानत नाही: बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांपुढे ते सक्तीचे आहेत, कॅलिफोर्नियात १,५०० पौंडांपासूनच. खोल नक्षी असलेला टायर चांगला, हेही खरे नाही. वर्षातून दहा-बारा दिवस फिरणाऱ्या ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उन्हाने तडकतात. टायरच्या कडेवर डॉट या अक्षरांनंतर येणाऱ्या मालिकेचे शेवटचे चार अंक पाहावेत. २३१५ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा.